एका हाताची कटावणी

खोकी फोडणारे पुष्कळ असतात. घण उचलायचा, चार दणके घालायचे, की खोक्याचं सरपण होतं. ताई खोकी फोडत नव्हती, उकलत होती. यंत्रं, काचा, मोटारींचे सुटे भाग ज्या लाकडी खोक्यांतून येत, ती रिकामी झाली की मालधक्क्याजवळच्या तिच्या गाळ्यात येऊन पडत. ती एकेक फळी न चिरता, टवका न उडवता सोडवायची, वाकडे खिळे ठोकून सरळ करायची आणि त्याच फळ्यांची, त्याच खिळ्यांनी, फडताळं आणि स्टुलं बनवून विकायची. गाळ्याच्या मागं तिची राहायची खोली होती. नवरा होता तोवर दोघं मिळून काम करत, तो गेल्यावर ती एकटी करू लागली. रस्त्यावरचे लोक तिला खोकीवाली म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

उकलण्याची रीत साधी आहे. फळी आणि तिच्याखालची पट्टी यांच्या फटीत लोखंडाचं चपटं टोक खुपसायचं आणि फळी बोटभर उचलायची. मग हातोडीनं तिला पुन्हा खाली बसवायचं. फळी खाली जाते, खिळा मात्र आपल्या जागी वर राहतो आणि त्याचं डोकं उघडं पडतं. त्या डोक्याखाली हातोडीचा पंजा, म्हणजे मागची दुभंगलेली बाजू, सरकवायचा आणि दांडा ओढायचा. झालं. आता एवढ्याशा कामाला हात किती लागावेत? एक दांड्यावर, एक खोक्यावर, आणि शिवाय एक पाय खोक्याच्या कडेवर रोवलेला. नाहीतर खिळ्याऐवजी खोकंच दांड्यामागं उठून येतं.

हिवाळ्यात ताईला झटका आला आणि डावी बाजू गेली. देवाच्या दयेनं पाय परत आला, ओढत का होईना चालू लागला. हात मात्र खांद्यातून जरासा हलायचा, त्यापुढं काही नाही. बोटं मिटत नव्हती. ती पडली तेव्हा गाळ्यात दुसरं कुणी नव्हतं. समोरच्या चहावाल्याचं लक्ष गेलं म्हणून निभावलं.

तिचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर राहत होता. ती दवाखान्यातून आली तशी त्यानं गाडी थेट आपल्या घराकडे वळवली होती. महिनाभर ती तिथं राहिली आणि एक दिवस कुणाला न सांगता बस पकडून गाळ्यावर परत आली. संध्याकाळी मुलगा आणि सून दोघंही मागोमाग येऊन उभे राहिले.

"आई, पुरे आता," मुलगा म्हणाला. "तिकडे तुझी खोली आहे, खिडकी आहे, लिफ्ट आहे. काय कमी आहे?"

"काम."

"आराम कर ना. जन्मभर राबलीस."

"केला की महिनाभर. सकाळचा आराम दुपारी संपतो. पुढं काय करायचं ते तुम्ही कुणी सांगत नाही."

सून म्हणाली, "आई, तुम्ही इथं पुन्हा पडलात तर? आम्हाला रात्री झोप लागत नाही हो."

हे खरं होतं, आणि ताईला ते ठाऊक होतं. म्हणून ती चिडली नाही. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "एक खोकं. पहिल्या फळीपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत, एकटीनं, कुणाची मदत न घेता, एकही फळी न चिरता. जमलं तर मी इथंच राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही जमलं तर त्याच दिवशी कुलूप लावून तुझ्यामागं येईन. निमूट."

"कधी?"

"गाळा ठेवणार की सोडणार, ते मालकाला महिनाअखेर सांगायचंय ना? त्याच्या आधीचा रविवार."

मुलगा लगेच हो म्हणाला. तिला जमणार नाही याची त्याला खात्री होती, आणि खात्री असली की माणूस उदार होतो.

ताईचा धाकटा भाऊ लोहार होता. भाच्यामुळं त्याला सगळा रस्ता मामा म्हणायचा, त्याच्याहून वयानं मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. माणूस हातानं सोनं, पण तोंडानं त्याहून दोन तोळे जास्त. दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "एवढंच ना? जोर कमी पडला की दांडा लांब करायचा. तरफेचं गणितच आहे ते."

"जोर नाही रे कमी पडत. हात कमी पडतो."

"तेच ते."

"तेच ते नाही," ताई म्हणाली. पण तोवर तो रस्त्याला लागला होता.

ट्रकच्या स्प्रिंगचा एक जुना पाटा त्याच्याकडं पडून होता. तो तापवून, ठोकून त्यानं खिळे उपसायची कटावणी घडवली. एका टोकाला पंजा, त्याची धार इतकी पातळ की खिळ्याच्या डोक्याखाली आपोआप शिरावी. मागं जाडसर टाच, तीच टेकू. दांडा हातभर लांब. दिसायला देखणी चीज झाली होती. त्यानं एक फळी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला जखडलेल्या लोखंडी पकडीत, आवळली, तिच्यात बोटाएवढा खिळा पार मुंडक्यापर्यंत ठोकला, खिळ्याच्या टोकाला खालून एक ठोका देऊन मुंडकं मोकळं केलं आणि दोन बोटांनी दांडा ओढून खिळा उपसून दाखवला. दुकानातली माणसं वाहवा म्हणाली. मामा ती वाहवा आणि कटावणी घेऊनच बहिणीकडं गेला.

ताईनं कटावणी हातात घेऊन तोलून पाहिली. "चांगली आहे," ती म्हणाली, आणि मामाची छाती फुगली. तिनं एक मोकळं खोकं ओढलं, बसकं स्टूल घेतलं, खिळ्याखाली पंजा सरकवला आणि दांडा वर ओढला. खोकं पुढच्या कडेवर उभं राहिलं. दांडा सोडला, ते धप्पकन खाली बसलं. तिनं पुन्हा ओढला. खोकं पुन्हा उभं राहिलं, या वेळी एक उडी मारून तिच्या पायाशी आलं. खिळा होता तिथंच होता.

"पायानं दाब की," मामा म्हणाला.

"डाव्यानं दाबू? तो मलाच उभं करतो हेच पुष्कळ आहे. आणि उजव्यानं दाबलं तर उभी कशावर राहू?"

"अगं, पण माझ्या दुकानात दोन बोटांनी…"

"तुझ्या दुकानात फळी व्हाइसमध्ये असते. इथं कोण धरणार आहे? तू?"

मामाच्या हातून जन्मात जे जे वाकलं, तुटलं, सरळ झालं, ते सगळं आधी कशात तरी आवळलेलं होतं. सुटी, न धरलेली वस्तू कशी वागते याच्याशी त्याचा कधी संबंधच आला नव्हता. लांब दांड्यानं तर गोष्ट आणखी बिघडवली होती. जितका दांडा लांब, तितकं खोकं उंच उठत होतं.

तो रुसून गेला आणि दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो रिकाम्या हातांनी. "मी काही बोलणार नाही," म्हणाला. "तू काम कर. मी बघतो."

"बघ. तिकीट नाही."

तो दाराशी उलट्या डब्यावर बसला आणि बघत राहिला. ताई जुन्या हातोडीनं धडपडत होती. एखादा सैल खिळा निघे, बाकीचे हलतही नसत. मध्येच तिला तहान लागली. तिनं उजवा तळहात खोक्यावर टेकला, त्यावर सगळा भार टाकला आणि उठली.

"थांब," मामा म्हणाला. "बस खाली."

"पाणी पिऊ दे की रे."

"आधी बस. आणि पुन्हा ऊठ. तशीच."

"कवायत घेतोस का माझी?"

"बस ना, ताई!"

ती बसली. पुन्हा तळहात टेकून उठली. मामा गुडघ्यांवर बसून खोक्याचा तळ बघत होता. खोकं तसूभरही हललं नव्हतं. उलट तिच्या भारानं ते जमिनीत घट्ट बसलं होतं. ज्या खोक्यानं दांडा वर ओढताना उड्या मारल्या, तेच खोकं दाबताना शहाण्यासारखं जागेवर राहत होतं.

"म्हणजे ओढायचंच नाही," मामा स्वतःशीच म्हणाला. "दाबायचं."

"आता पाणी पिऊ?"

"पी, पी. मलाही दे."

त्या दिवशी त्यानं लोखंडाला हात लावला नाही. पुठ्ठा घेतला, कात्रीनं कटावणीचे आकार कापले आणि टेबलाच्या कडेवर ठेवून फिरवून पाहिले. कटावणीची मान उलटी वळवायची होती. पंजा खिळ्याखाली गेला की दांडा आडवा न पडता तिरपा वर, बसलेल्या ताईच्या छातीसमोर यावा. टेकू मध्ये, खिळा पलीकडं, हात अलीकडं. हात खाली दाबला की पंजा वर उठणार, आणि तो दाब खोक्याला जमिनीवर धरूनही ठेवणार. धरायचं काम आणि ओढायचं काम एकाच हातात आलं. मात्र दाब खोक्याच्या बाहेर पडला तर ते कलंडणार. म्हणून दांडा फळीवरून आतल्या बाजूला यायला हवा आणि तेवढ्यात मावायला हवा. लांबी निम्म्यानं कापावी लागली. लांब दांड्याचा सगळ्या गावाला उपदेश करणाऱ्या माणसानं तो पुठ्ठा कापताना कुणाकडंही पाहिलं नाही.

मग नवीनच अडचण. दांडा वरून खाली येतो खरा, पण लवकरच फळीला टेकतो, आणि खिळा अर्धाच वर आलेला असतो. टाच उंच करावी तर सुरुवातीचा जोर जातो. गंजलेला खिळा पहिल्यांदा सुटतो तेव्हाच सगळा जोर लागतो, एकदा सुटला की नुसता ओढत न्यायचा असतो. मामानं दोन टाचा केल्या. पहिली पंज्याला अगदी लागून, बुटकी. तिच्यावर खिळा करकरत सुटतो. दुसरी जरा मागं, उंच आणि गोल. तिच्यावर तोच खिळा सरळ बाहेर येतो. मध्ये फक्त पंजा पुन्हा खाली सरकवून घ्यायचा.

या वेळी व्हाइसला त्यानं हातही लावला नाही. दुकानाच्या मध्यभागी सुटं खोकं ठेवलं, बुटक्या स्टुलावर बसला आणि आपला डावा हात पट्ट्यानं कमरेला बांधून घेतला.

एक गिऱ्हाईक आत डोकावलं. "मामा, कुणी बांधून घातलं?"

"बहिणीनं."

"बायको कमी पडली होती का?"

"विळा न्यायला आलायस ना? मग तोंडाची धार इथं कशाला दाखवतोस?"

खिळे निघत होते, पण टाचेनं फळीवर खोल वळ उठत होते. ताईनं ते पाहिलं आणि बोट फिरवून म्हणाली, "अशा फळीचं फडताळ कोण घेईल?" मामानं दोन्ही टाचा तीन बोटं रुंद केल्या, कडा कानशीनं घासून गोल केल्या. दाबायच्या टोकाला तळव्यात बसेल असा चपटा गोळा काढला. शेवटी पाणी देऊन, म्हणजे तापवून विझवून, पंजा कडक केला. ती वस्तू देखणी मुळीच नव्हती. मान मोडलेल्या बदकासारखी दिसत होती.

रविवारी सकाळी मुलगा टेम्पोतून खोकं घेऊन आला. बरोबर सून होती. मामा आधीच येऊन बसला होता, आणि आपण नुसते पाहुणे आहोत असं दाखवत होता. मुलानं खोकं उतरवलं. पातळ फळ्या, बारीक खिळे, फळं ठेवतात तसलं.

ताईनं ते पायानं ढकललं. "हे कुठून आणलंस?"

"धक्क्यावरून. का?"

"यात काचेची बाहुलीसुद्धा पाठवत नाहीत. मला लाज आणतोस का? मोटारीच्या इंजिनाचं आण."

"आई, अगं…"

"ताई," मामा घाईनं म्हणाला, "शर्त एका खोक्याची आहे. कुठलं ते ठरलेलं नाही. असू दे."

"तू पाहुणा आहेस ना? पाहुण्यासारखा बस."

मुलगा ते खोकं परत चढवून टेम्पो घेऊन गेला. त्यानं हलकं खोकं चुकून आणलं होतं की मुद्दाम, हे सुनेनंही त्याला कधी विचारलं नाही. परत आला तो एक जाडजूड, काळवंडलेलं खोकं घेऊन. पावसात पडून त्याच्या खिळ्यांची डोकी गंजानं फुगली होती.

ताई स्टुलावर बसली. पहिल्या फळीच्या फटीत तिनं पंज्याची धार लावली आणि अंगाच्या भारानं आत रेटली. फळी कुरकुरली, बोटभर उठली. तिनं कटावणी खाली ठेवली, हातोडी घेतली, फळी परत बसवली. खिळ्यांची डोकी उघडी पडली. हातोडी ठेवली, कटावणी घेतली. एक हात असला की प्रत्येक वस्तू उचलण्याआधी दुसरी ठेवावी लागते, म्हणून काम संथ चालतं. पण चालत होतं. तिनं पंजा अडकवला, तळवा गोळ्यावर ठेवला, "देवा" म्हणाली आणि दाबलं. खोकं जागेवर बसून राहिलं. खिळा किंचाळला आणि सुटला. दुसऱ्या टाचेवर तो अख्खा वर आला.

मामा अर्धा उठला होता, तो परत बसला.

अर्ध्या खोक्यानंतर उजव्या हाताला पुरेसा दाब देता येईना. सून पुढं झाली, मुलानं तिला डोळ्यानं थांबवलं. ताईनं पंजा अडकवून ठेवला आणि उजव्या हातानं आपला डावा हात मनगटाला धरून उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा. तो कोपरापासून दांड्यावर आडवा ठेवला आणि त्यावर छाती टेकून पुढं कलली. तो हात धरू शकत नव्हता, ओढू शकत नव्हता. इथं कुणी त्याला धरायला किंवा ओढायला सांगतच नव्हतं. तो नुसता वजनासारखा पडून राहिला आणि खिळा वर आला.

"हे मला सुचलं नव्हतं," मामा पुटपुटला.

बाजू सुटल्या, तळ सुटला. फळ्या एकीवर एक रचल्या गेल्या, एकही चिरली नव्हती. शेवटची फळी राहिली, आणि तिच्यातला एक खिळा. ताईनं दाबलं. टक् असा कोरडा आवाज झाला. खिळ्याचं डोकं तुटून भिंतीवर जाऊन आदळलं.

फळी तिनं रेटून सोडवली, पण बिनडोक्याचा खिळा फळीतच घट्ट रुतून राहिला, टोक मागच्या बाजूला काढून. असा खिळा टोकाकडून ठोकून उलटा बाहेर काढावा लागतो. तिनं फळी दोन पट्ट्यांवर पालथी ठेवली, हातोडी मारली. फळी उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा मारली, पुन्हा उडाली, आणि खिळा जरासा वाकला. आणखी मारलं तर फळी चिरणार हे तिला दिसत होतं. तिनं हातोडी खाली ठेवली.

समोरच्या टपरीवर कपबशा धुतल्याचा आवाज येत होता.

"राहिला," ताई म्हणाली. "एक राहिला. शब्द दिला म्हणजे दिला. आत माझी ट्रंक आहे, ती घे."

"अगं, खिळा कुजका होता!" मामा उसळला. "त्याला कटावणी काय करणार? हा काही…"

"मामा, तुम्ही जरा थांबा," मुलगा म्हणाला.

तो आत गेला नाही. खाली बसला, फळी पुन्हा पट्ट्यांवर ठेवली आणि दोन्ही टोकांवर तळवे रोवून दाबून धरली. "मार."

"तुझी मदत लागली. शर्त मोडली."

"आई, बाबांचे दोन्ही हात धड होते की नाही?"

"होते."

"डोकं तुटलेला खिळा आला की ते काय करायचे?"

ताईनं फळीतल्या खिळ्यावरून बोट फिरवलं.

"तुला हाक मारायचे. 'अगं, जरा धर' म्हणायचे. आणि तुझ्या हाती असला आला की तू त्यांना हाक मारायचीस. एकट्यानं तो खिळा काढलेला मी तरी कुणाला पाहिलं नाही. ही मदत कुठं झाली? ही रीतच आहे."

"रोज कोण धरेल?"

"रोज डोकी तुटतात का? असल्या फळ्या बाजूला ठेवत जा. रविवारी मी येईन."

"दर रविवारी?"

"मी नाही आलो तर ही येईल." त्यानं बायकोकडं पाहिलं.

"माझा जोर यांच्यापेक्षा जास्तच आहे," सून म्हणाली. "पण आई, एक मात्र ऐकायचं. रोज सकाळी आणि संध्याकाळी फोन. विसरलात तर मी टेम्पो घेऊन येईन."

"चालवता येतो का तुला?"

"तोवर शिकेन."

ताई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं मुलाकडं बघितलं. तो मान खाली घालून फळी धरून बसला होता, एखादं जड बोलणं संपायची वाट बघावी तसा.

"बोटं मागं घे," ती म्हणाली. "लागतील."

तिनं हातोडी उचलली आणि मारली. फळी हलली नाही. दुसऱ्या ठोक्याला खिळा पुढच्या बाजूनं बाहेर आला आणि फरशीवर घरंगळत गेला. मुलगा तो उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. नाक पुसल्याचा आवाज आला, तेव्हा मामानं छताकडं बघितलं.

मग मामानं घसा खाकरला आणि हात पुढं केला. "दे ती इकडं."

"काय?"

"कटावणी. पंज्याची खाच जरा निमुळती करतो, म्हणजे डोकं नसलेला खिळाही काहीसा पकडेल. आणि तो डाव्या हाताचा प्रकार पाहिला ना, त्यासाठी दांड्याला वर थोडी पन्हळ हवी. कोपर घसरत होतं तुझं. आज नेतो, दोन-चार दिवसांत देतो."

"तुझे दोन-चार दिवस मला माहीत आहेत."

"अगं, पण अर्धवट आहे ती अजून!"

"मग दुसरी कर," ताई म्हणाली आणि कटावणी आपल्या बाजूला ओढून घेतली. "ही आता कामावर आहे."